डाव्या पायाला सुट्टी!

गाडी छोटी, इंजिन तापट आणि चालवणाऱ्याचा डावा गुडघा स्क्रूंवर उभा. अशा वेळी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कुठला घ्यायचा? आणि घेतलेला टिकवायचा कसा? उत्तर शोधत आम्ही थेट कोइम्बतूर गाठलं. व्हाया बाराशे किलोमीटर, दोन टेबल फॅन आणि चाळीस हेअरपिन वळणं!

"कोइम्बतूर? तिथे काय आहे बघायला?"

निघायच्या आधी हा प्रश्न मला किमान आठ जणांनी विचारला. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. आपल्याकडच्या मंडळींसाठी कोइम्बतूर म्हणजे उटीला जाताना सामान उतरवायचं स्टेशन. बस्स. मी मात्र प्रत्येकाला खरं ते सांगितलं, "गिअरबॉक्स बघायला चाललेय." त्यावर समोरच्याचा चेहरा जो व्हायचा ना, तो फ्रेम करून ठेवण्यासारखा!

तर गोष्ट माझी नाही, दादाची आहे. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. वय तेहतीस, नोकरी हिंजवडीत आणि गाड्यांच्या बाबतीत टोटल येडा. 'ऑटोमॅटिक म्हणजे पेन्शनर काकांची गाडी' हे त्याचं ठरलेलं वाक्य. घरातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात त्याने ते कुणाला ना कुणाला ऐकवलेलं आहे.

२०२३ च्या जुलैत ओल्या रस्त्यावर त्याची बाइक घसरली. डाव्या गुडघ्यात प्लेट, सात स्क्रू, दोन ऑपरेशनं. डॉक्टरांनी पुढे कार चालवायला परवानगी दिली, पण एका अटीवर. ट्रॅफिकमध्ये क्लच दाबत बसायचं नाही.

पुण्यात राहून ट्रॅफिकमध्ये क्लच दाबायचा नाही म्हणजे पावसात उभं राहून भिजायचं नाही! दादाने हट्टाने एकदा त्याची मॅन्युअल गाडी काढलीच. कर्वेनगर ते हिंजवडी. क्लच किती वेळा दाबला ते त्याने मोजलं. दोनशे अकरा. संध्याकाळी घराचा जिना तो बसत बसत चढला.

दुसऱ्या दिवशी गाडीवर कव्हर चढलं, ते आठ महिने. दर रविवारी तो खाली जायचा, कव्हर काढायचा, गाडी पुसायचा, पाच मिनिटं आत नुसता बसायचा आणि परत कव्हर घालून वर यायचा. मावशी गॅलरीतून बघायची आणि काही बोलायची नाही. आमची मावशी काही बोलत नाही म्हणजे मामला गंभीर आहे, हे आमच्या खानदानात सगळ्यांना ठाऊक आहे.

शेवटी एकदा तीच म्हणाली, "अरे, घे की एखादी साधी ऑटोमॅटिक. ऑफिसला जाण्याशी मतलब."

"मला ऑफिसला जायला गाडी नकोय, आई," दादा म्हणाला. "मला चालवायला गाडी हवीय."

हा फरक ज्यांना कळला त्यांनी पुढे वाचा. ज्यांना नाही कळला त्यांनी तर वाचाच. कारण तेव्हा तो मलाही कळला नव्हता.

चार चवींचा मेनू

मी पक्की स्कूटरवाली. कार चालवता येते, पण बॉनेटखाली काय चालतं याच्याशी देणं-घेणं नाही. त्यामुळे दादाने मला जे शिकवलं ते जसं समजलं तसं सांगते.

ऑटोमॅटिक म्हणून जे विकलं जातं त्यात मुख्य चार जाती आहेत. पहिली एएमटी. हा मुळात आपला नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त तुमच्या डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं काम एक छोटं यंत्र करतं. आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओमधून ही आली आणि घरोघरी पोहोचली. स्वस्त, मायलेजला झकास. पण गिअर बदलताना गाडी क्षणभर दम घेते आणि आतल्यांच्या माना डोलतात.

दुसरी सीव्हीटी. हिच्यात गिअर नसतातच. दोन पुल्या आणि मधे स्टीलचा पट्टा. चालते लोण्यासारखी. पण ॲक्सिलरेटर जोरात दाबला की आधी इंजिन ओरडतं, गाडी मागाहून येते. दादाच्या भाषेत सांगायचं तर 'आवाज फार, काम कमी.'

तिसरी ड्युअल क्लच. एका क्लचवर एक, तीन, पाच, सात. दुसऱ्यावर दोन, चार, सहा आणि रिव्हर्स. गाडी तिसऱ्यात धावत असते तेव्हा चौथा तयारच असतो. ताटातली पोळी संपायच्या आत दुसरी वाढणारी आजी असते ना, तशी! २००३ साली फोक्सवॅगनने गोल्फ आर-३२ मधून ही विक्रीच्या गाड्यांत आणली आणि आपल्याकडे २०१३ च्या पोलो जीटी टीएसआयमुळे आमच्या दादासारखी मुलं तिच्या प्रेमात पडली.

आणि चौथा टॉर्क कन्व्हर्टर. सगळ्यांत जुनं घराणं. अमेरिकेत १९४८ सालच्या ब्यूकपासून घरच्या गाड्यांत बसलेलं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे क्लचऐवजी तेल. दादाच्या लेखी पेन्शनर काकांचा गिअरबॉक्स तो हाच.

त्याचा जीव अर्थातच ड्युअल क्लचवर. पोलोचं उत्पादन भारतात २०२२ मध्ये थांबलं, त्यामुळे मिळणार ती सेकंडहँडच. त्याने दोन निवडून ठेवल्या होत्या. एक १.२ लिटरची जीटी टीएसआय, सात गिअरची ड्युअल क्लच. दुसरी २०२१ ची १.० टीएसआय, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर. दोन्ही छोट्या टर्बो गाड्या, दोन्हींचा टॉर्क कंपनीतून १७५ न्यूटन-मीटर. आणि दोन्हींवर रीमॅप करून ताकद वाढवायची हे आधीच ठरलेलं. प्रश्न एवढाच, की ती ताकद पेलणार कोण?

इथे एण्ट्री झाली अण्णांची.

वर्षातले तीनशे दिवस

अण्णा कोइम्बतूरचे. वय पंचावन्नच्या पुढे, गणपती भागातल्या एका गल्लीत त्यांचं वर्कशॉप आहे. दादा पूर्वी तिथल्या कारी मोटर स्पीडवेवर हौशी लोकांच्या ट्रॅक-डेला जायचा, तेव्हाची ओळख. पुण्यात गाड्या ट्यून करणारे काही कमी नाहीत. पण दादाचा देव अण्णाच.

मी समोर बसलेले असताना दादाने फोन स्पीकरवर टाकला. अण्णांचं हिंदी-इंग्लिश मिक्स, दादाचंही तसंच.

"तंबी, कागदावर दोन्ही गिअरबॉक्स सारखेच आहेत," अण्णा म्हणाले. "दोघांचीही मर्यादा अडीचशे न्यूटन-मीटर. मग ताकदीवरून कसा निवडणार?"

"पण ड्युअल क्लच फास्ट आहे, अण्णा."

"आहे ना. ट्रॅकवर मी पण तोच घेईन. आता सांग, तुझी गाडी वर्षातले तीनशे दिवस कुठे असते?"

"...हिंजवडीच्या रस्त्यावर."

"मग उरलेल्या पासष्ट दिवसांसाठी गिअरबॉक्स कशाला निवडतोस?"

फंडा असा आहे. त्या गाडीतले दोन्ही क्लच कोरडे. म्हणजे त्यांना थंड करायला तेल नाही, फक्त हवा. बंपरला बंपर लावून गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते तेव्हा क्लच पूर्ण धरतही नाही आणि पूर्ण सोडतही नाही. मॅन्युअलमध्ये आपण 'हाफ क्लच' म्हणतो ना, तेच. घासत राहतो, तापत राहतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हे सरकणं तेलाच्या अंगावर जातं. तेल तापतं हे खरं, पण तेलाला थंड करता येतं. आणि वेळ आली की बदलताही येतं.

"मजबूत गिअरबॉक्स म्हणजे जास्त ताकदीचा नाही, तंबी. ज्याची उष्णता बाहेर काढता येते तो मजबूत."

दादा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पेन्शनर काकांचा गिअरबॉक्स असलेली पोलो बुक झाली.

डेव्हिल सीटवर दादा

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही निघालो. गुडघ्याला एवढा प्रवास झेपेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून ड्रायव्हर मी. दादा शेजारच्या सीटवर, पाय लांब करून, आणि माझ्या प्रत्येक ब्रेकवर कॉमेण्ट्री करत.

सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, आणि मुक्काम चित्रदुर्गला. सकाळी किल्ल्याच्या अजस्र दगडांवर ऊन पडलेलं पाहून पुढे तुमकूर, बंगळुरू, होसूर. कृष्णगिरी-सेलमच्या मधे तोप्पूरचा घाट लागतो. लांबलचक उतार, अवजड ट्रक्सची रांग. तिथे दादाने मला पहिला धडा दिला. लिव्हर डावीकडे 'मॅन्युअल' खाचेत सरकव, तिसऱ्यावर आण, आणि गाडीला इंजिनानेच रोखू दे. 'डी'मध्ये टाकून घाट उतरणारे लोक ब्रेक जाळतात. ऑटोमॅटिक असली तरी घाटात गिअर ठरवायचा अधिकार आपल्याकडेच असतो, हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं!

भवानी, पेरुंदुरै, अविनाशी... आणि संध्याकाळी कोइम्बतूर.

गावात शिरताना पहिली जाणवते ती हवा. डिसेंबर असूनही बोचरी नाही, आणि सपाट गावात असते तशी गुदमरलेलीही नाही. पश्चिम घाटाच्या भिंतीला इथे पालक्काडची खिंड पडली आहे. त्या दरवाजातून केरळचा वारा आत येतो. म्हणूनच या पट्ट्यात पवनचक्क्या अशा उगवल्या आहेत जशा आपल्याकडे होर्डिंग्ज!

'मिळत नाही' असं न म्हणणारं गाव

दक्षिणेचं मँचेस्टर म्हणतात याला. पहिली कापड गिरणी १८८८ सालची. १९३० च्या दशकात निलगिरीतल्या पैकाराची जलविद्युत आली आणि गिरण्यांची रांगच लागली. गिरण्या आल्या म्हणजे त्यांची यंत्रं दुरुस्त करणारे आले. दुरुस्ती करणारे मग स्वतःच यंत्रं बनवू लागले. पंप, मोटारी, आणि अख्ख्या दक्षिणेच्या स्वयंपाकघरात घरघरणारा वेट ग्राइंडर, ज्याला जीआय मानांकनही मिळालंय.

या सगळ्याचा मूळपुरुष म्हणजे जी. डी. नायडू. १९२० मध्ये पोळ्ळाची ते पळनी या मार्गावर एक बस घेऊन धंदा सुरू केलेला माणूस. १९३७ मध्ये त्यांनी इथे विजेची मोटार बनवली. अविनाशी रोडवर त्यांच्या नावाची म्युझियम्स आहेत. त्यातलं कार म्युझियम २०१५ मध्ये उघडलं. आम्ही गेलो तेव्हा याच रस्त्यावर दहा किलोमीटरच्या उड्डाणपुलाचं काम चालू होतं. तो २०२५ च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि त्याला नावही नायडूंचंच दिलंय. मेकॅनिकच्या नावाचा पूल! मला तर जाम आवडलं हे.

आणि रेसिंग? भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन इथलाच. २००५ मध्ये त्याने जॉर्डन टीमकडून पदार्पण केलं. त्याच्याही आधी इथे एस. करिवर्धन होते. मारुतीचं इंजिन बसवून स्वस्तातली सिंगल-सीटर रेसकार बनवणारे, १९९५ मध्ये विमान अपघातात गेलेले. त्यांच्याच नावाने २००३ साली कारी मोटर स्पीडवे उभा राहिला. २.१ किलोमीटरचा ट्रॅक. चेट्टिपाळयमला.

दादाने दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आधी तिकडेच घ्यायला लावली. गेट बंद. आत कुठेतरी झाडू मारल्याचा आवाज. तो काच खाली करून दोन मिनिटं बघत राहिला. मी विचारलं, "उतरायचंय?"

"नको. इडली खाऊया."

श्री अन्नपूर्णामध्ये वाटीभर सांबारात बुडवलेला वडा आला तेव्हाही तो गप्पच होता. (सांबार मात्र असं, की तुम्हीही गप्प व्हाल!)

अण्णांच्या गल्लीत शिरल्यावर मात्र त्याचा चेहरा उजळला. डावीकडे गिअर कापणारा, उजवीकडे शाफ्ट घासणारा, पुढे कास्टिंग, त्याच्या पुढे पंपाच्या बॉड्या. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेला असाल तर तुम्हाला हा वास माहीत असेल. कूलंट, तापलेलं लोखंड आणि चहा. या दोन्ही गावांत तुम्ही तुटलेला पार्ट घेऊन गेलात तर 'मिळत नाही' असं उत्तर येत नाही. 'ठेवून जा' असं येतं.

दोन पंखे आणि इडलीपात्र

अण्णांनी आधी माझी शाळा घेतली. टेबलावर दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवले. एकाचं बटण चालू केलं, दुसरा नुसताच ठेवला. थोड्या वेळात दुसऱ्याची पातीही फिरायला लागली.

"हा इंजिन, हा गिअरबॉक्स. मधे हवेऐवजी तेल. झाला टॉर्क कन्व्हर्टर."

म्हणजे इंजिन चालू आणि गाडी उभी, हे क्लचशिवाय जमतं ते असं. ब्रेक दाबून तुम्ही दुसरा पंखा हाताने धरून ठेवलेला असतो. दोन पंख्यांच्या मधे स्टेटर नावाचा तिसरा लहान पंखा असतो. परत येणाऱ्या तेलाला तो वळवून पुन्हा कामाला लावतो. त्यामुळे गाडी जागेवरून निघताना इंजिनाचा जोर साधारण दुपटीपर्यंत वाढतो. वेग आला की आतला एक लॉक-अप क्लच दोन्ही पंखे एकमेकांना जखडून टाकतो, मग घसरण बंद. पण हळू चढाला, वळणावळणाच्या रस्त्यावर ते लॉक सारखं सुटतं. तेल घुसळलं जातं आणि तापतं.

गिअरबॉक्सच्या पोटात त्यांनी दाखवले क्लच-पॅक. एक घर्षणाची चकती, एक स्टीलची, पुन्हा घर्षणाची, पुन्हा स्टीलची. "इडलीपात्र," अण्णा म्हणाले. तेलाच्या दाबाने हा थर आवळला की गिअर पडतो. दाब कमी पडला की चकत्या घसरतात, घसरल्या की जळतात.

आता 'स्ट्राँग' करायचा म्हणजे काय? दादा वहीच काढून बसला. तेलाचा दाब वाढवा. जास्त चकत्यांचे पॅक घाला. मोठा टर्बो लावा. वगैरे वगैरे, दोन पानं!

अण्णांनी वही शांतपणे वाचली आणि मिटून ठेवली.

"तुला किती टॉर्क पाहिजे?"

"दोनशे साठ."

"दोनशे वीस मिळेल."

"अण्णा, बॉक्स अडीचशे घेतो ना?"

"घेतो. आणि तू अडीचशेच्या वर गेलास तर पण घेईल. सहा महिने." मग ते एकदम मराठी मास्तरांच्या सुरात, पण इंग्लिशमध्ये म्हणाले, "तुझा गुडघा किती वजन घेतो? डॉक्टरने सांगितलं त्याच्या दुप्पट घेऊन बघितलंस ना एकदा? दोनशे अकरा वेळा?"

मीच त्यांना ती गोष्ट सकाळी सांगितली होती. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून शेजारी चहा प्यायला गेले.

परत आले तेव्हा दोघं लॅपटॉपवर वाकले होते. ठरलं ते असं. इंजिनाचा मॅप २२० ला थांबवायचा आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये त्याहूनही कमी ठेवायचा, कारण सगळा मार तिथेच बसतो. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरलाही नवा मॅप, म्हणजे इंजिन किती जोर लावतंय हे त्याला खरं कळेल आणि तो चकत्या तेवढ्याच घट्ट आवळेल. गिअरबॉक्सच्या तेलासाठी पुढे वेगळा कूलर. व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाला वाटा दाखवणारा तो चक्रव्यूह, उघडून साफ करायची आणि दाब राखणारी स्प्रिंग नवी. आणि अर्थातच तेल बदलायचं.

जुनं तेल निघालं ते चहाच्या चोथ्यासारखं. आधीच्या मालकाने ते कधी बदललंच नव्हतं. 'लाइफटाइम ऑइल' हा शब्द ऐकला की अण्णा हसतात. "कुणाचं लाइफ? तेलाचं की बॉक्सचं?"

नवं तेल भरतानाही गंमत. याला डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवायचं, तेलाचं तापमान ३५ ते ४५ अंशांच्या मधे असताना खालचा प्लग उघडायचा आणि जास्तीचं ओघळून जाऊ द्यायचं. गार असताना मोजलं तर चूक, गरम झाल्यावर मोजलं तर चूक. अण्णा जमिनीवर उताणे, आम्ही स्क्रीनवर आकडा वाचतोय, "चौतीस... पस्तीस... छत्तीस... अण्णा, आता!" बारशाला नाव ठेवताना असतो तेवढा सस्पेन्स!

चाळीस वळणांची परीक्षा

हे सगळं झालं, पण मुळात कूलर कशाला हवा हे अण्णांनी दादाला नुसतं सांगितलं नव्हतं. दाखवलं होतं. कूलर बसवायच्या आधी, नवा मॅप टाकल्या टाकल्या, ते आम्हाला घेऊन वाल्पाऱैला निघाले होते.

कोइम्बतूरहून पोळ्ळाची, नारळाच्या बागांमधून आळियार धरण आणि तिथून अनमलै टायगर रिझर्व्हमधून वर. चाळीस हेअरपिन वळणं, प्रत्येकावर नंबराची पाटी. वर चहाचे मळे, साधारण साडेतीन हजार फुटांवर. नवव्या वळणावर लोम्स व्ह्यू पॉइंट. तिथून आळियारचं पाणी खाली आरशासारखं पडलेलं दिसतं. निलगिरी ताहर, म्हणजे इथले रानबकरे, कठड्यावर उभे राहून टूरिस्ट लोकांकडे बघत असतात. आपण त्यांना बघायला आलोय हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही!

त्या दिवशी गाडी अण्णा चालवत होते. वेग फार नाही, पण प्रत्येक वळणावरून पुन्हा चढाला लागताना पाय दाबलेला. माझ्या मोबाइलवर गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान. आळियारला ८८. नवव्या वळणाला ९९. पंधराव्याला १०९. बाविसाव्या वळणाला ११८, आणि अण्णांनी गाडी बाजूला घेतली.

"गाडीचा दोष नाही," ते म्हणाले. "कंपनीने ती १७५ साठी बनवली. २२० तू मागतोयस. वरचे पंचेचाळीस कुठून येतात ते बघ. फुकट येत नाहीत."

बॉनेट उघडून आम्ही अर्धा तास थांबलो. धुकं खालून वर येत होतं. दादा काठीवर रेलून दरीकडे बघत होता. मग स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला, "फिजिओ पण हेच सांगते. वजन वाढवू नका, सूज उतरू द्या."

कूलर, तेल, व्हॉल्व्ह बॉडी सगळं झाल्यावर, चौथ्या दिवशी, आम्ही तोच रस्ता पुन्हा धरला. आळियारच्या चेकपोस्टनंतर अण्णांनी गाडी थांबवली, उतरले आणि दादासाठी दार उघडून उभे राहिले.

दीड वर्षांनी दादा चालवायला बसला.

"डावा पाय मागे. सीटखाली," अण्णांनी सांगितलं. कारण असं, की ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकचं पेडल रुंद असतं आणि वर्षानुवर्षं क्लच मारलेला डावा पाय सवयीने उडतो तो थेट ब्रेकवर. मागच्या सीटवरच्यांचं नाक पुढच्या सीटला! (ही सीट माझी होती.)

पहिल्या वळणाला दादाचा पाय उडालाच. ब्रेकवर नाही, मॅटवर. तिथे नसलेला क्लच त्याने जोरात दाबला. दुसऱ्या वळणाला पुन्हा. तिसऱ्याला पुन्हा. मी मागून बघत होते, तो गुडघा प्रत्येक वळणाला थरथरायचा. त्याच्या लक्षातही येत नव्हतं. लिव्हर मॅन्युअलमध्ये, दुसरा गिअर, वळणाच्या आत हलकेच, बाहेर पडताना पाय दाब. गाडी छातीत श्वास भरून घेतल्यासारखी वर जायची.

नववं वळण. ८९ अंश. पंधरावं. ९३. बाविसावं, जिथे आम्ही बॉनेट उघडून उभे होतो, तिथे ९६. मी आकडे वाचत होते. अण्णा डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होते. तिसावं वळण कधी गेलं कळलं नाही.

आकडे वाचायचं मी तिथेच थांबवलं. कारण माझं लक्ष दादाच्या डाव्या पायाकडे गेलं. तो स्वस्थ होता. मागे घेतलेला, सैल, सुट्टीवर गेलेल्या माणसासारखा.

वर वाल्पाऱैत चहा पिताना अण्णांनी विचारलं, "काय तंबी? पेन्शनर गिअरबॉक्स कसा आहे?"

दादाने कप खाली ठेवला. "अण्णा, मी विसरलोच होतो."

"काय?"

"गुडघा."

येताना चित्रदुर्गपासून पुण्यापर्यंत गाडी त्यानेच चालवली. खंबाटकीत मला झोप लागली, कात्रजला जाग आली. घरी पोहोचलो तेव्हा मावशी गॅलरीत होती. दादाने गाडी लावली, उतरला, लॉक केली. कव्हर डिकीतच राहिलं. मावशी तेव्हाही काही बोलली नाही. पण रविवारी मला फोन आला, "अगं, आज तो खाली बसायला गेलाच नाही. सकाळी सातला सिंहगडाकडे गेलाय. पिठलं-भाकरी खायला." थोडं थांबून म्हणाली, "एकटा."

जायचंय?

कसं: पुण्याहून रस्त्याने साधारण १२०० किलोमीटर. एक मुक्काम कराच. रेल्वेने कुर्ला-कोइम्बतूर एक्स्प्रेस पुण्यावरून जाते.

कधी: ऑक्टोबर ते मार्च. पावसाळ्यात वाल्पाऱैत तुफान पाऊस असतो.

काय बघाल: जी. डी. नायडू म्युझियम, संध्याकाळी रेसकोर्स रोडवरचा फेरफटका, आळियार, वाल्पाऱै. घाट जंगलातून जातो, त्यामुळे वेळेचं बंधन आणि ई-पासचा नियम निघण्यापूर्वी तपासा. आणि शर्यत लावायची असेल तर ट्रॅकवर. घाटात नाही!

ऑटोमॅटिक घेताय?

• टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या रस्त्यावर नको. संध्याकाळी सहाच्या ट्रॅफिकमध्ये घ्या.

• सेकंडहँड असेल तर गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं याची पावती मागा. पावती नसेल तर तेल बदलायचा खर्च किमतीत धरा.

• ताकद वाढवण्याआधी गिअरबॉक्सची मर्यादा विचारा, आणि मर्यादेच्या बऱ्याच अलीकडे थांबा.

• पहिला पैसा कूलर आणि तेलावर. टर्बो नंतर.

• कुठलाही फेरफार करण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गमतीत घेऊ नका.

• पहिले काही दिवस डावा पाय मागे. मागच्या सीटवरच्यांच्या नाकाची काळजी घ्या!